पोराला दवाखान्यात नेता आलं नाही, त्या मेकॅनिकनं बर्फावर पळणारी गाडी तयार केली

जगात जर्मनी, भारतात परभणी असं अभिमानानं सांगणाऱ्या जिल्ह्यात बर्फ काही पडत नाही. हिवाळ्यात कृषी विद्यापीठातला पारा चार-पाच अंशांवर आला की त्याचीच मोठी बातमी होते. पण चाक रुतणं म्हणजे काय, हे परभणीकराला शिकवायला लागत नाही. दोन दिवस झड लागली की काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर मोटरसायकलच्या मडगार्डात चिखल गच्च बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि माणूस गाडी तिथंच सोडून चपला हातात घेऊन चालायला लागतो. पावसाळ्यात पेशंटला बाजेवर टाकून किंवा बैलगाडीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या मराठवाड्यात अजूनही येतात.

त्याच चिखलात पोकलेन मात्र आरामात चालतं. वजन अवाढव्य, तरी रुतत नाही. कारण त्याला टायर नाहीत, चेन आहे. चेनमुळे सगळं वजन मोठ्या जागेवर पसरतं. चिखलात फळी टाकून त्यावरून चालण्यातला हिशोब आणि पोकलेनच्या चेनमागचा हिशोब एकच.

आता हाच हिशोब बर्फावर मांडायचा होता. तो मांडण्यात एका माणसाची उमेदीची दहा-बारा वर्षं गेली आणि त्यातच त्याचं दोन वर्षांचं पोरगंही गेलं. त्या माणसाचं आडनाव आपल्या ओळखीचं आहे. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला उतरून लोकल पकडणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसानं बंबार्डियर लोकल हा शब्द हमखास ऐकलेला असतो. २०१५ पासून मुंबईत ज्या नव्या लोकल धावायला लागल्या, त्यांची विजेची यंत्रणा या कंपनीची. दिल्ली मेट्रोचे डबेही याच कंपनीनं गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या सावलीच्या कारखान्यात बनवले. कंपनीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो माणूस मात्र रेल्वेवाला नव्हता. तो खेड्यातला गॅरेजवाला होता. नाव जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियर.

१६ एप्रिल १९०७ ला कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हॅलकोर नावाच्या गावी त्याचा जन्म झाला. कॅनडाचा हा भाग फ्रेंच बोलणारा आणि कॅथलिक. आठ भावंडांत आर्मंड थोरला. वडील आल्फ्रेड आधी शेती करायचे, पुढं त्यांनी दुकान टाकलं. क्युबेकचा हिवाळा म्हणजे चार-पाच महिने नुसता बर्फ. त्या काळात खेड्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ कुणी काढायचं नाही. मोटारगाडी असली तरी पहिला बर्फ पडला की ती शेडमध्ये जायची आणि वसंत ऋतू येईपर्यंत बाहेर निघायची नाही. तोवर घोडा आणि घसरगाडी. शहराशी संबंध जवळपास तुटलेला.

आर्मंडला लहानपणापासून यंत्रांचा नाद. जुन्या घड्याळाची चक्रं काढून खेळण्यातली गाडी चालव, मोडक्या बंदुकीपासून छोटी तोफ बनव, असे उद्योग चालायचे. घरच्यांना याचं कौतुक होतं आणि धास्तीही होती. पोरगं एक दिवस घर उडवून देईल असं वाटावं, अशीच ती खेळणी होती. वडिलांच्या मनात त्याला पाद्री करायचं होतं, म्हणून चौदाव्या वर्षी त्याला शेरब्रूकच्या धर्मशाळेत शिकायला पाठवलं. घरात थोरला मुलगा धर्मकार्याला देणं ही त्या समाजात मोठ्या मानाची गोष्ट होती.

पण पोराचं मन तिथं लागेना. वडिलांनी त्याला एक बिघडलेली फोर्ड मॉडेल टी गाडी दिली होती. हेतू असा की पोरगं ती खोलून बसेल आणि घरातल्या बाकीच्या वस्तू तरी वाचतील. आर्मंडनं तिचं इंजिन दुरुस्त केलं. लाकडी घसरगाडीवर ते बसवलं आणि मागं विमानासारखा एक लाकडी पंखा लावला. ३१ डिसेंबर १९२२ ला, सगळं गाव नव्या वर्षाच्या तयारीत असताना, आर्मंड आणि धाकटा भाऊ लिओपोल्ड हे यंत्र घेऊन रस्त्यावर उतरले. भाऊ पुढं बसून दिशा सांभाळतोय, आर्मंड मागं इंजिनाशी. आवाज कानठळ्या बसवणारा. बर्फ उडवत ही गाडी किलोमीटरभर तरी पळाली. आर्मंडचं वय तेव्हा पंधरा.

वडील चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. मागं उघडा गरगरणारा पंखा, आजूबाजूला गावातली पोरं. गाडी लगेच मोडून टाकायला लावली. पण बर्फावर इंजिनाच्या जोरावर जाता येतं, हे त्या दिवशी आर्मंडला कळलं होतं.

सतराव्या वर्षी त्यानं धर्मशाळा सोडली. वडिलांनीही फार ताणलं नाही. आधी जवळच्या गावातल्या गॅरेजात उमेदवारी केली. मग मॉन्ट्रियलला जाऊन दिवसा मेकॅनिकचं काम आणि रात्री यंत्रविद्या आणि विजेचे वर्ग. तंत्राची मासिकं इंग्रजीत असायची आणि याची भाषा फ्रेंच, म्हणून इंग्रजीही शिकून घेतली. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडं कधीच नव्हती. १९२६ मध्ये, वय एकोणीस असताना, वडिलांकडून उसने पैसे घेऊन त्यानं व्हॅलकोरला स्वतःचं गॅरेज काढलं आणि तीन वर्षांत ते पैसे फेडलेही.

गॅरेज चांगलं चालायचं, पण फक्त बर्फ नसताना. हिवाळ्यात गाड्याच बंद म्हटल्यावर गॅरेजात कोण येणार? मग त्या रिकाम्या महिन्यांत बॉम्बार्डियर आपल्या खटपटीला लागायचे. जुन्या मोटारी घ्यायच्या, त्यांच्या मागच्या चाकांचं काहीतरी करायचं, पुढं चाकांच्या जागी स्की लावायच्या आणि बर्फात नेऊन बघायचं. बहुतेक वेळा गाडी रुतायची. मग ओढून आणायची आणि पुन्हा खोलायची.

असा प्रयत्न करणारे ते एकटे नव्हते. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम करणाऱ्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरनं पहिल्या महायुद्धाच्या आधीच मोटारीला मागं रबरी पट्टा लावून ती बर्फात चालवली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या कार्ल एलियासननं १९२४ मध्ये घसरगाडीला छोटं इंजिन आणि पट्टा जोडला आणि १९२७ मध्ये त्याचं पेटंटही मिळवलं. त्यामुळं स्नोमोबाइल बॉम्बार्डियरनं शोधली, असं जे सरसकट लिहिलं जातं ते अर्धंच खरं आहे.

मग अडचण कुठं होती? बर्फात, आणि तोही एका जातीचा नसतो. उन्हानं वर कवच धरलेला बर्फ वेगळा, भुसभुशीत ताजा बर्फ वेगळा आणि ओलसर चिकट बर्फ आणखी वेगळा. पोलादी चेन वजनानंच भुसभुशीत बर्फात बसते. हलका रबरी पट्टा लावला तर पट्टा आणि चाक यांच्या मध्ये बर्फ शिरून गच्च बसतो, मग चाक नुसतं फिरतं किंवा पट्टा उतरून जातो. आपल्याकडं मडगार्डात काळी माती बसते तसाच प्रकार. त्यात थंडी अशी की लोखंड ठिसूळ व्हावं. रस्त्यात कुठं गाडी बंद पडली तर माणूस गारठून मरण्याची भीती खरी होती.

१९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक यांच्याशी बॉम्बार्डियरचं लग्न झालं. मुलं झाली. त्यातल्या एकाचं नाव इव्हों.

१९३४ चा हिवाळा. इव्हों दोन वर्षांचा होता आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स होतं, ते फुटून पोटात विष पसरायला लागलं. ऑपरेशन हाच इलाज होता आणि ऑपरेशन होणारा दवाखाना शेरब्रूकला, पन्नासेक किलोमीटरवर. बाहेर रस्ते बर्फानं पूर्ण बंद. मोटार निघणं शक्य नव्हतं. घोड्याच्या घसरगाडीनं तेवढं अंतर त्या अवस्थेतल्या पोराला घेऊन जाणं शक्य नव्हतं. आणि जी गाडी अशाच वेळी कामाला यायला हवी होती, ती गॅरेजात अर्धवट पडलेली होती.

इव्हों गेला.

ही गोष्ट सांगताना बरेच जण असं सांगतात की मुलगा गेला म्हणून बापानं शोध लावला. ऐकायला ते चांगलं वाटतं, पण तसं झालेलं नाही. बॉम्बार्डियर त्याआधी दहा-बारा वर्षं याच मागं होते. खरं दुःख वेगळंच आहे. हा माणूस नेमकं तेच यंत्र बनवत होता आणि ते वेळेवर झालं नाही. त्यानंतरचा फरक असा की गावातल्या लोकांना जो तोवर छंद वाटत होता, तो पुढं छंद राहिला नाही.

१९३५ मध्ये त्यांना मार्ग सापडला. सापडलेली गोष्ट दिसायला अगदी साधी होती. मागच्या बाजूला दात असलेलं एक मोठं चाक. आपल्या सायकलच्या पुढच्या दातेरी चकतीसारखं, फक्त लाकडाचं आणि वरून रबर चढवलेलं. त्यावरून फिरणारा पट्टा रबर आणि कापडाचा, त्यावर आडव्या पोलादी पट्ट्या. दात त्या पट्ट्यांमध्ये अडकतात आणि पट्टा ओढतात. म्हणजे पट्टा घर्षणाच्या भरवशावर राहिला नाही. घसरायचा प्रश्न मिटला. रबराला बर्फ लोखंडाइतका चिकटत नाही, त्यामुळं बर्फ बसून चाक जाम होण्याचा प्रश्नही बराचसा मिटला. पट्टा वजनाला हलका आणि रुंद, म्हणून गाडी बर्फात बसायची थांबली. २९ जून १९३७ ला त्यांना याचं कॅनडाचं पेटंट मिळालं. पुढच्या आयुष्यात त्यांनी चाळीसच्या वर पेटंटं मिळवली, पण या पहिल्यावरच सगळं उभं आहे.

या पट्ट्यावर त्यांनी जी गाडी काढली तिचं नाव बी-७. बी म्हणजे बॉम्बार्डियर आणि सात म्हणजे सात माणसांची जागा. बंद केबिन, पुढं स्की, मागं पट्टे. आणि ती कुणी घेतली हे बघण्यासारखं आहे. खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर. हॉटेलवाले. टपाल पोचवणारे. पुढं रुग्णवाहिका म्हणूनही या गाड्या चालल्या. ज्या गावांत हिवाळ्यात बाळंतीण अडली तर देवावर भरवसा ठेवण्यापलीकडं काही करता यायचं नाही, तिथं आता डॉक्टर दारात यायला लागला.

मागणी वाढली तशी १९४० च्या सुमाराला व्हॅलकोरला नवा कारखाना उभा राहिला. मग बी-१२ आली, बारा माणसांची. तिच्या खिडक्या जहाजाला असतात तशा गोल. बी-७ च्या चाकांच्या आऱ्यांमध्ये बर्फ अडकायचा, म्हणून हिला सपाट बंद चकत्यांची चाकं दिली. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की बॉम्बार्डियर स्वतः गाडी घेऊन बर्फात जायचे आणि परत येऊन ती गोष्ट बदलायचे. कारखानदार झाल्यावरही त्यांच्यातला मेकॅनिक गेला नाही. शाळेच्या पोरांसाठी त्यांनी याहून मोठी गाडीही काढली. अठरा सीटची, तिचं नाव सी-१८. १० जुलै १९४२ ला कंपनी रीतसर नोंदवली गेली.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध. कच्च्या मालावर रेशनिंग आलं. पोटापाण्यासाठी ही गाडी लागतेच, असं सिद्ध केल्याशिवाय गिऱ्हाइकाला ती विकत घेता येईना. विक्री पडली. मग लष्करासाठी गाड्या बनवायचं काम आलं आणि त्यावर कंपनी तरली.

युद्ध संपल्यावर धंदा जोरात आला आणि १९४८ मध्ये क्युबेक सरकारनं कायदा केला की हिवाळ्यात खेड्यातले रस्तेसुद्धा बर्फ काढून मोकळे ठेवायचे. लोकांसाठी हे किती चांगलं झालं! इव्होंसाठी जे हवं होतं ते आता सरकारच करणार होतं. पण रस्ते मोकळे झाल्यावर पट्ट्यांची गाडी कोण घेणार? लोक साधी मोटार घ्यायला लागले आणि एका वर्षात कंपनीची विक्री जवळपास निम्म्यावर आली.

दुसरा कुणी असता तर सरकारच्या नावानं बोटं मोडत बसला असता. बॉम्बार्डियरनी विचार केला की रस्ता नाही म्हणून आपली गाडी लागत होती. आता बर्फाच्या रस्त्याचं गिऱ्हाईक गेलं, पण जिथं रस्ता होणारच नाही अशा जागा जगात कितीतरी आहेत. चिखल आहे, दलदल आहे, जंगल आहे. आणि त्यांनी बर्फ सोडून चिखलाकडं मोर्चा वळवला.

आधी त्यांनी शेतीच्या ट्रॅक्टरला बसवता येईल असा पट्टा काढला. साध्या टायरच्या ट्रॅक्टरवर तो चढवायचा आणि ओल्या रानात ट्रॅक्टर न रुतता चालवायचा. ऐन सोयाबीन काढणीच्या वेळी परतीचा पाऊस झाला, शेतात टायरचा हार्वेस्टर उतरेना आणि मग चेनवाला हार्वेस्टर शोधत फिरायची वेळ आली, अशा शेतकऱ्याला या कल्पनेची किंमत वेगळी सांगायला नको.

मग १९५३ मध्ये आला मस्केग. कॅनडाच्या उत्तरेला शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याची जी मैलोन् मैल दलदल आहे तिला मस्केग म्हणतात, त्यावरून हे नाव. रुंद पट्ट्यांचा हा ट्रॅक्टर तेल शोधणाऱ्या कंपन्यांनी घेतला, जंगलातल्या ठेकेदारांनी घेतला, विजेच्या तारा ओढणाऱ्यांनी घेतला. व्हिव्हियन फुक्स यांच्या मोहिमेनं १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका खंड पहिल्यांदा आरपार पार केला, त्यांच्या ताफ्यातही एक मस्केग होता. याच मोहिमेत दुसऱ्या बाजूनं निघालेले एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले ते पट्टे चढवलेल्या साध्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर. आपल्याकडं शेतात मॅसी फर्ग्युसन दिसतो, त्याच घराण्यातला तो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ध्रुवावर नेता येतो, फक्त खाली चेन पाहिजे.

कंपनी सावरली. पैसा आला. पण बॉम्बार्डियर यांच्या डोक्यातून पंधराव्या वर्षीची ती गाडी गेली नव्हती. त्यांना एक-दोन माणसांची छोटी, हलकी गाडी करायची होती. तोवर ती जमली नाही कारण इंजिनं जड होती. पन्नाशीच्या दशकात हलकी आणि भरवशाची छोटी इंजिनं मिळायला लागली आणि बॉम्बार्डियर पुन्हा कामाला लागले. थोरला मुलगा जर्मेन आता हाताशी आला होता. मोठ्या गाडीला दोन पट्टे लागतात, इथं त्यांनी एकच रुंद, अखंड रबरी पट्टा वापरला. बसणाऱ्याच्या बरोबर खाली. पुढं दोन लाकडी स्की आणि हातात मोटरसायकलसारखा दांडा.

या गाडीचा एक नमुना त्यांनी उत्तरेत आदिवासी वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्या मित्राला, मॉरिस विमे नावाच्या मिशनऱ्याला दिला. तिथं तोवर एकच वाहन होतं, कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी. कुत्र्यांची जागा घेणारी गाडी म्हणून तिचं नाव स्की-डॉग ठेवायचं ठरलं होतं. छापताना चूक झाली आणि स्की-डॉगचं स्की-डू झालं, अशी कथा सांगितली जाते. नाव ऐकायला बरं वाटलं, तेच राहिलं.

१९५९ च्या हिवाळ्यासाठी स्की-डू बाजारात आली. पहिल्या वर्षी २२५ गाड्या खपल्या. चार वर्षांनी हा आकडा वर्षाला ८,२१० झाला. बॉम्बार्डियरना वाटलं होतं की ही गाडी शिकारी, मिशनरी, सर्वेक्षणवाले अशा कामाच्या माणसांना लागेल. घेतली भलत्यांनीच. शहरातली माणसं रविवारी मजा करायला बर्फात जायला लागली. जो बर्फ आजवर लोकांना कोंडून ठेवत होता, त्याच्यासाठी लोक आता घराबाहेर पडायला लागले. अमेरिकेत मिनेसोटातली पोलारिस ही कंपनी याच सुमाराला स्वतःच्या स्नोमोबाइल विकत होती, तिच्याशी स्पर्धा सुरू झाली ती आजतागायत संपलेली नाही.

आता या गाडीत एक गोम आहे आणि ती समजली तर बर्फात डोंगर चढणं इतकं अवघड का, ते कळतं. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर चढावर आला की त्याची पुढची चाकं उचलली जातात. सगळं वजन मागं येतं. मागच्या चाकांना पकड मिळते, पण पुढची चाकं हवेत असल्यावर स्टेअरिंग फिरवून उपयोग काय? स्नोमोबाइलचं चढावर अगदी हेच होतं. वजन मागं सरकतं, पट्ट्याचा मागचा भाग बर्फात खोल जातो, स्की वर उचलल्या जातात आणि गाडी चालवणाऱ्याचं ऐकेनाशी होते. आडव्या उतारावर तसं झालं तर गाडी उलटून खाली येते.

यावरचा उपाय इंजिनात नसतो, पट्ट्याच्या आत असतो. मागचं सस्पेन्शन म्हणजे पट्टा जमिनीला कसा टेकेल ते ठरवणारी यंत्रणा. बॉम्बार्डियरच्या स्की-डूमध्ये छोट्या चाकांच्या जोड्या होत्या आणि त्या स्प्रिंगवर झुलायच्या. खड्डा आला की तेवढीच जोडी वर-खाली व्हायची. पुढं चाकांच्या रांगेऐवजी दोन लांब पट्ट्या आल्या, ज्यांच्यावरून आतल्या बाजूनं पट्टा घसरत फिरतो. या पट्ट्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन दांड्यांनी गाडीला जोडलेल्या असतात आणि पुढच्या दांड्याजवळ एक मजबूत वादी असते. गाडीचं तोंड किती वर उचलायचं, त्याची मर्यादा ही वादी घालते.

आज डोंगरात गाडी चालवणारे याच जागी हात घालतात. वादी एखाद-दुसऱ्या भोकानं आवळली की चढावर स्की खाली राहतात आणि गाडी वळते. पुढची स्प्रिंग थोडी नरम आणि मागची थोडी कडक केली की गाडी मागं बसत नाही. लांब पट्टा घेतला तर वजन आणखी पसरतं आणि भुसभुशीत बर्फातही गाडी वर वर चालते. पण प्रत्येक गोष्टीची किंमत असते. वादी फार आवळली तर पट्ट्याच्या मागच्या भागावरचा भार कमी होतो आणि ऐन चढाला पकड सुटते. पट्टा फार लांब केला तर गाडी सरळ छान जाते, पण वळायला अडते. म्हणून जाणकार माणसं एका वेळी एकच गोष्ट बदलतात, चढ चढून बघतात आणि मग दुसरीला हात लावतात. व्हॅलकोरच्या गॅरेजात १९२६ पासून याहून वेगळं काही चालत नव्हतं.

स्की-डू एवढी खपत असताना कुणीही तीच एक गाडी धरून बसलं असतं. बॉम्बार्डियर मात्र हात राखून होते. जाहिरातही त्यांनी मुद्दाम मर्यादित ठेवली. १९४८ चा फटका ते विसरले नव्हते. एकाच मालावर कंपनी उभी केली आणि उद्या लोकांची हौस फिटली तर काय, ही भीती त्यांना होती. धंद्याच्या हिशोबानं त्या वेळी हे फार भित्रेपणाचं वाटलं असेल. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि स्नोमोबाइलची विक्री कोसळली, तेव्हा म्हातारा चूक नव्हता हे कळलं.

ते बघायला मात्र ते नव्हते. १८ फेब्रुवारी १९६४ ला कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. वय होतं ५६. मुलगा जर्मेन यांनी कंपनी हातात घेतली, पण दोनच वर्षांत ते बाजूला झाले आणि सूत्रं जावई लॉरां बोदोआं यांच्याकडं आली. तेव्हा जावयाचं वय २७. सासऱ्यांची एकाच मालावर विसंबायचं नाही ही गोष्ट त्यांनी फारच मनावर घेतली. १९७० मध्ये इंजिनं मिळावीत म्हणून ऑस्ट्रियातली एक कंपनी घेतली, तर ती ट्रामही बनवणारी निघाली. १९७४ मध्ये मॉन्ट्रियल मेट्रोच्या ४२३ डब्यांची ऑर्डर मिळवली, म्हणजे रेल्वेचा अनुभव नसताना. १९८६ मध्ये सरकारकडून कॅनडएअर घेऊन विमानांत उडी मारली. मुंबईच्या लोकलपर्यंत हे आडनाव आलं ते या वाटेनं.

वाढता वाढता कर्जही वाढलं. २००३ मध्ये ज्या धंद्यातून सगळं सुरू झालं तो स्नोमोबाइलचाच विभाग कंपनीनं विकला, त्याची बीआरपी ही वेगळी कंपनी झाली. मोठ्या विमानांचा प्रकल्प एअरबसकडं गेला. २०२१ मध्ये रेल्वेचा धंदाही फ्रान्सच्या अल्स्टॉमनं घेतला, त्यामुळं सावलीच्या कारखान्यावरची पाटीसुद्धा आता बदलली आहे. बॉम्बार्डियर नावाची जी कंपनी आज उरली आहे ती श्रीमंतांची खाजगी विमानं बनवते.

स्की-डू मात्र अजून व्हॅलकोरलाच बनते. गावात बॉम्बार्डियर यांच्या नावाचं संग्रहालय आहे आणि एकोणिसाव्या वर्षी वडिलांकडून उसने पैसे घेऊन काढलेलं ते गॅरेज तिथं जपून ठेवलेलं आहे.